एक खाच वर

आख्ख्या वऱ्हाडात एकही भिंत सरळ नाही, हे मी माझ्या साडभाऊंच्या भरवशावर सांगतो आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अकोल्याला राहतात आणि मी अमरावतीला, राजापेठेत. छत्तीस वर्षं त्यांनी जमीन मोजण्याच्या सरकारी नोकरीत काढली. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत असं वावर क्वचितच असेल, ज्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते डोक्याला दुपट्टा बांधून उभे राहिले नाहीत आणि ज्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी त्यांना एकाच वेळी शिव्या दिल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर वावरं सुटली, पण मोजायची सवय सुटली नाही. मग ते नातेवाइकांच्या घरांकडे वळले. कुणाच्याही घरी गेले की ते चपला काढतात, पेलाभर पाणी पितात आणि शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीची एक पाणसळ काढतात. तिच्या काचेच्या नळीत हिरवं पाणी असतं आणि पाण्यात एक बुडबुडा. ती पाणसळ ते टेबलावर ठेवतात, मग फ्रीजवर, मग खिडकीच्या कठड्यावर. बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू सरळ. तो थांबत नाही. साडभाऊंचा चेहरा मग रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरांसारखा होतो, पण ते घरच्या माणसांना घाबरवत नाहीत. "राहता येईन," एवढंच म्हणतात. "पण लक्ष ठेवा."

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. मुलीचे वडील, काका, मामा वगैरे मंडळी मला पगार आणि गाव विचारत होती. थोरले जावई म्हणून हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मी मनात म्हटलं, एवढा एकच माणूस समजूतदार दिसतो. निघताना मी दारात उभा राहिलो, तर ते उठले, एकदा माझ्याकडे आणि एकदा चौकटीकडे पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "पाच फूट साडेसहा. बायोडाटात पाच-आठ लिव्हेल हाये." सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत फिरल्या. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दीड इंचानं काही बिघडत नाही, सर. माणूस चांगला हाये. पण लिहाचं कायले?" लग्न झालं. बायकोनं आजतागायत माझ्या उंचीचा विषय काढलेला नाही आणि हे तिचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. साडभाऊ मात्र तेव्हापासून मला 'सर'च म्हणतात. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे ते बरोबरही आहे. मी त्यांना भाऊ म्हणतो.

परतवाड्याला एका पुतणीच्या लग्नात रिसेप्शनच्या वेळी ते स्टेजवर चढले. सगळ्यांना वाटलं आहेर द्यायला चढले. त्यांनी नवरदेवाला हातानं थांबायची खूण केली, वाकून त्याच्या राजेशाही खुर्चीचा मागचा पाय उचलला, लग्नाचीच पत्रिका चार घड्या करून त्याखाली सरकवली आणि म्हणाले, "आता बसा. मघापासून तुमी नवरीकडे झुकून राहिले होते." फोटोग्राफरनं हा सगळा प्रसंग काढला आणि तो अल्बममध्ये आहे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवून शुभ दिवस चिंतला की साडभाऊंचं उत्तर ठरलेलं: "क्षितिज डावीकडे झुकेल हाये." एका भाच्यानं रागानं ग्रुप सोडला. साडभाऊंना त्याचं कारण कळलं नाही, कारण क्षितिज खरंच झुकलेलं होतं.

हे सगळं ठाऊक असताना मी भिंतीवर फळ्या लावायचं त्यांच्या कानावर जाऊ द्यायला नको होतं. झालं असं, की माझी पुस्तकं दिवाणाखाली, दिवाणावर आणि शेवटी दिवाणाच्या आजूबाजूला अशी पसरत गेली आणि एके दिवशी बायकोनं मला दिवाण आणि पुस्तकं यांतलं एक निवडायला सांगितलं. मी ऑनलाइन फळ्या मागवल्या. या फळ्यांचं वैशिष्ट्य असं, की भिंतीवर लोखंडी पट्ट्या उभ्या ठोकायच्या, पट्ट्यांना वरपासून खालपर्यंत दीड-दोन इंचांवर खाचा असतात, त्या खाचांत ब्रॅकेट अडकवायचे आणि ब्रॅकेटवर फळी टेकवायची. पुढे कधी वाटलं तर ब्रॅकेट काढून वरच्या किंवा खालच्या खाचेत घालायचे, फळी तेवढी वर-खाली होते. चौकातल्या मिस्त्रीनं हे काम तासाभरात करून दिलं असतं, आणि तो दुपारी येणारही होता. पण सकाळी बायकोनं अकोल्याला बहिणीला फोन केला आणि इकडच्या तिकडच्या गप्पांत फळ्यांचं बोलून गेली. पलीकडून ताई म्हणाल्या, "अवो, हे ऐकून राहिले ना." त्यानंतर अडीच तासांनी साडभाऊ आमच्या दारात होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोठी पाणसळ, ओळंबा, पोलादी टेप, खडूची दोरी, तीन पेन्सिली आणि चार दिवसांचे कपडे. मिस्त्री आला तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या हातातलं ड्रिल मशीन ठेवून घेतलं.

पहिल्या दिवशी भिंतीला एकही भोक पडलं नाही. त्या दिवशी त्यांनी फक्त भिंती तपासल्या, आणि ज्या भिंतीवर फळ्या लावायच्या नव्हत्या त्यासुद्धा. "शेजाऱ्यांची साक्ष घ्या लागते," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यावर पेन्सिलीच्या इतक्या रेघा आल्या, की आमची भिंत तलाठ्याच्या कपाटातून पळून आलेल्या नकाशासारखी दिसायला लागली. रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला. पूर्वेची भिंत बाहेर गेलेली, खिडकी आत आलेली, छत दाराकडे उतरतं आणि फरशी त्याच्या उलट. "बांधणारा माणूस मनानं चांगला असन," ते भाकरी मोडत म्हणाले. "पण घाईत होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिल चालू केलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक गणिताचे क्लासवाले सर बारावीच्या मुलांना शिकवतात. दहा मिनिटांत ते तणतणत वर आले. "काहो, परीक्षा तोंडावर आली आणि तुम्ही हे काय लावलं?" साडभाऊंनी मशीन बंद केलं, फार नम्रपणे त्यांच्या हातात टेपचं टोक दिलं आणि म्हणाले, "सर, हे एवढं धरा बरं. तुमी गणितवाले, तुमाले समजन." पाऊण तासानं मी चहा घेऊन आलो तर क्लासवाले सर स्टुलावर चढले होते, त्यांच्या कानामागे पेन्सिल होती आणि दोघांत कर्णाच्या लांबीवरून वाद पेटला होता. खाली चाळीस मुलं शांत बसून आहेत याची आठवण त्यांना कुणीतरी करून द्यावी लागली. ते गेले, पण संध्याकाळी क्लास सुटल्यावर परत आले आणि भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

फळ्या चौथ्या दिवशी पूर्ण झाल्या. पाच फळ्या, चार पट्ट्या, वीस ब्रॅकेट. साडभाऊंनी प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवली आणि प्रत्येक वेळी बुडबुडा मधोमध उभा राहिला, जसा काही त्याला तिथंच राहायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं माझी बायको म्हणते; मला ते दिसलं नाही, कारण मी फळ्यांकडे पाहत होतो आणि मला फळ्या वाकड्या दिसत होत्या. मी मान तिरपी केली, दारात जाऊन पाहिलं, खुर्चीवर बसून पाहिलं. वाकड्याच. मग उलगडा झाला. छत उतरतं, खिडकी तिरपी, फरशी चढती, दाराची चौकट झोकांड्या खाते. या सगळ्यांत त्या पाच फळ्या तेवढ्या सरळ होत्या, आणि म्हणून त्याच वाकड्या दिसत होत्या. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस सोफ्यावर टेकायच्या आधी म्हणतो, "फळ्या जरा तिरप्या लागल्या वाटते, सर." बायकोनं त्याच दिवशी विनवून पाहिलं, "जिजाजी, खिडकीला जुळतील एवढ्या थोड्या झुकवता येतील का?" साडभाऊंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनं त्यांना खोटी साक्ष द्यायला सांगितलं होतं. "फळी सरळ हाये, बाई," ते म्हणाले. "घर वाकडं हाये." जाण्याआधी त्यांनी माझी सगळी पुस्तकं टेपनं मोजून उंचीप्रमाणे लावून दिली, म्हणजे दोन फळ्यांमधलं अंतर वाया जायला नको. फळ्या फार सुंदर दिसतात. मला त्यांतलं एकही पुस्तक आजवर वेळेवर सापडलेलं नाही.

यानंतर वर्षभरानं ताई पडल्या. अंगणात धुणं धुताना ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. पट्ट्यानं हात गळ्यात अडकवला तो दीड महिना. पट्टा निघाला, हाड जुळलं होतं, पण हात वर जाईना. कोपर छातीपर्यंत आलं की ताईंच्या तोंडून आवाज निघायचा आणि हात आपोआप खाली यायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी चालवत हात रोज थोडा थोडा वर न्यायचा. तीन-चार महिन्यांत वर गेला तर गेला, नाहीतर खांदा आहे तसाच आखडून राहील, असंही त्यांनी बजावलं.

ताई म्हणजे करारी बाई. आयुष्यभर मराठी शाळेत पोरं शिकवली, आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची वेळ कधी येऊ दिली नाही. पण दुखण्यापुढे त्यांचं काही चालेना, आणि चालत नाही हे कबूलही करवेना. "भिंतीवर बोटं नाचवाचं काय वय हाये माह्यं?" असं म्हणून त्यांनी व्यायामाचा विषय मिटवला. साडभाऊंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं फूटपट्टी आखली, तिच्यावर इंच घातले, प्रत्येक इंचापुढे तारीख घातली. ताईंनी ती डाव्या हातानं ओल्या फडक्यानं पुसून काढली. साडभाऊंनी पुन्हा आखली. ताईंनी पुन्हा पुसली. या दोघांच्या संसारात भांडण झालेलं कुणी ऐकलेलं नाही, ते या पद्धतीमुळे.

तिसऱ्यांदा साडभाऊंनी रेघा आखल्या नाहीत. माझ्याकडे होत्या तसल्याच खाचांच्या दोन पट्ट्या त्यांनी मागवल्या आणि ओट्याशेजारच्या भिंतीवर लावून एक छोटी फळी टेकवली, अगदी ताईंच्या छातीच्या उंचीवर. चहाचा डबा, साखरेचा डबा, तिखट, हळद, मीठ सगळं वरच्या मांडणीवरून काढून त्या फळीवर ठेवलं. "तुले हात वर कराचं कामच नाही आता," ते म्हणाले. ताईंनी डबा घेऊन पाहिला, ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं केलं." लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर मिळालेली ही शाबासकी साडभाऊंनी मला फोन करून कळवली. मग आवाज उतरवून बाकीचं सांगितलं. दर शनिवारी दुपारी ताई घटकाभर पडतात. तेवढ्या वेळात ते फळी एक खाच वर नेणार होते. "दीड इंच, सर. दीड इंच कोनाच्या ध्यानात येते?" मला माझा बायोडाटा आठवला.

पाच शनिवार ठीक गेले. फळी खालून सहाव्या खाचेवरून अकराव्या खाचेवर आली आणि ताई काही बोलल्या नाहीत. सहाव्या शनिवारी साडभाऊंनी ती बारावर नेली. सोमवारी पाहतात तर फळी अकरावर. त्यांना वाटलं आपलीच मोजण्यात चूक झाली, आणि या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी खाचांना पेन्सिलीनं आकडे घातले, फळी बारावर नेली आणि वहीत नोंद केली. सोमवारी पुन्हा अकरा. असं चार आठवडे चाललं. शेवटी त्यांनी मला फोन केला. "सर, एक पंचनामा कराचा हाये. रविवारी या."

मी गेलो. साडभाऊ मला बाहेरच्या खोलीतच गाठून बसले. त्यांनी वही उघडली. घरामागून रेल्वेची लाइन जाते. गेल्या चार आठवड्यांत कोणती मालगाडी किती वाजता गेली आणि खिडकीची तावदानं किती वेळ वाजली याची नोंद त्यांनी ठेवली होती. "लोडवाली मालगाडी गेली की घर हलते," ते म्हणाले. "ब्रॅकेट खाच सोडते आणि खालच्या खाचेत बसते."

"दोन्ही ब्रॅकेट एकाच वेळी?" मी विचारलं.

"एकाच वेळी."

"आणि वरचे डबे?"

"डबे जागच्या जागी. हलक्या हातानं उतरते." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की मीही वही हातात घेऊन दोन पानं वाचली.

"भाऊ," मी चाचरत म्हटलं, "ताईंनी तर..."

"तिचा कसा संबंध?" ते म्हणाले. "तिचा हात तिथपर्यंत जातच नाही ना. तेच तर दुखणं हाये."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. ते दूध आणायला कोपऱ्यावर गेले आणि मी स्वयंपाकघरात ताईंजवळ जाऊन उभा राहिलो. त्या पोह्यांना कांदा चिरत होत्या. फळी बारावर होती. आदल्या दिवशी शनिवार होता. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मालगाडीचं सांगतलं काय तुमाले?"

मी हो म्हटलं.

"म्या उतरवतो," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी हे फिराले गेले की. एवढ्या वरून मले चायचा डबा घेताना दुखते. पयल्या वेळेसच समजलं होतं मले. अकरापर्यंत चालवून घेतलं."

"मग सरळ सांगत का नाही त्यांना?"

"सांगतलं असतं तर यायनं कागद घेतला असता, खांद्याचा नकाशा काढला असता आणि दोन तास समजावलं असतं. त्यापेक्षा फळी उतरवणं सोपं पडते." त्यांनी कांदा कढईत टाकला. "तुमी यायले सांगू नका. त्या मालगाडीत जीव रमून राहिला यायचा."

मी कबूल झालो. माझ्या डोक्यात त्या वेळी याहून जास्त काही शिरलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पोहे खाऊन झाले. ताई शेजारणीकडे गेल्या तेव्हा साडभाऊ मला पंचनाम्यासाठी फळीसमोर घेऊन आले. आपोआप निसटायला ब्रॅकेट काही सैल नाही, त्याला मालगाडीच लागते, हे त्यांना मला दाखवायचं होतं. त्यांनी डबे खाली ठेवले, फळी उचलून भिंतीला टेकवली. "आता पाहा, सर. हे एका हातानं निघत नाही. डाव्या हातानं याचं नाक धरा लागते, आणि उजव्या हाताचा तळवा खालून लावून असं वर ठोका लागते. तवा खाच सोडते. म्हणजे उजवं कोपर खांद्याच्या वर..."

ते थांबले. त्यांचा डावा हात ब्रॅकेटच्या नाकावर होता, उजवा तळवा खाली लागलेला होता आणि उजवं कोपर खांद्याच्या वर गेलेलं होतं. कुणीतरी हात वर करायला सांगितलेल्या माणसासारखे ते तसेच उभे राहिले. ताईंची उंची त्यांच्याहून अर्धा फूट कमी. ते स्वतःशी हिशेब मांडत असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते. अकरा, बारा, दोन ब्रॅकेट, चार सोमवार. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलेला जो व्यायाम ताई आयुष्यात करणार नव्हत्या, तो त्या दर सोमवारी दात खाऊन, कुणाला न सांगता, नवऱ्याची फळी उतरवण्यासाठी करत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतले. फळी परत लावली, पाणसळ ठेवून पाहिली, डबे एकेक करून जागेवर ठेवले. मग वही उघडली आणि पेन्सिल ओठाला लावली.

"मालगाडीच हाये, सर," ते म्हणाले. "पंच म्हणून सही करा."

मी सही केली.

पुढच्या शनिवारपासून ते फळी एकदम दोन खाचा वर न्यायला लागले. मला भीती वाटली की ताई आता दोन खाचा उतरवतील. त्यांनी एकच उतरवली. त्या आठवड्यात एक, आणि पुढच्याही आठवड्यात एकच. हा दर दोघांनी कसा ठरवला हे मला माहीत नाही, कारण बोलणं तर काहीच झालेलं नव्हतं. दर सोमवारी दुपारी मला साडभाऊंचा फोन यायचा. "मालगाडी गेली, सर. चौदावर हाये." नंतर, "पंधरावर हाये." मी विचारायचो, "ताई कशा आहेत?" ते म्हणायचे, "तिनं आज कपाळाले हात लावला, डोकं दुखते म्हणून. उजवा हात, सर." बायकोचं डोकं दुखतं हे इतक्या आनंदानं सांगणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही. एकदा ताईंचा फोन आला तर त्या म्हणाल्या, "सोळाच्या वर नेली तर म्या डबे सगळे खाली ओट्यावर ठेवून देईन, असं सांगा यायले." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाही, राहू द्या. सांगू नका." मी सांगितलं नाही. फळी सतरावर गेली आणि डबे फळीवरच राहिले.

एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी कॉलेजातून आल्यावर मीच लावला.

"अठरावर हाये," ते म्हणाले. अठरा म्हणजे ताईंच्या डोक्याच्या वर. "शनिवारपासून अठरावरच हाये. सोमवारी उतरली नाही. काल बी नाही. आज म्या दारात उभा राहून पाहिलं, तर तिनं हात वर केला, चायचा डबा घेतला, दोन चमचे टाकले आणि परत ठेवला. काही आवाज नाही, काही नाही."

मी म्हटलं, "भाऊ, अभिनंदन!"

ते हो म्हणाले. पण त्या 'हो'त मला वाटला होता तेवढा जोर नव्हता. पलीकडे पंखा फिरत होता, कुठंतरी कुकरची शिटी झाली.

"शनिवारी आता काय करू, सर?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी सांगितलं. अमरावतीला या, क्लासवाले सर तुमची आठवण काढतात, असं काहीसं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाले, "वेणी बी आता तिचीच ती घालते."

"म्हणजे?"

"पडली तवापासून म्याच घालत होतो. हात मागं जात नव्हता ना तिचा. सकाळी चाय झाला की अंगणात पाटावर बसे, म्या मागं खुर्ची घेऊन. पयले लय तुटे केस, मग जमलं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "परवा म्या फणी घेऊन बाहेर आलो, तर तिची घालून बी झाली होती."

सात महिने. त्या सात महिन्यांत आम्ही दोघं किती वेळा अकोल्याला गेलो असू, ताईंच्या समोर बसून जेवलो असू. वेणी रोज नीट असायची, मधोमध भांग, आणि ती कुणी घातली असेल असा विचार माझ्या किंवा माझ्या बायकोच्याही मनात कधी आला नव्हता. त्यांनीही सांगितलं नव्हतं. मालगाड्या वहीत लिहिणाऱ्या माणसानं हे कुठंच लिहून ठेवलं नव्हतं.

मी विचारलं, "जमते का त्यांना नीट?"

"हात अजून पुरा मागं नाही जात," ते म्हणाले. "भांग थोडा डावीकडे जाते."

"तुम्ही सांगितलं का त्यांना?"



"नाही," साडभाऊ म्हणाले. "चांगला दिसते."